चोपड्याचे चोपड्याला

नाही, नाही, प्रोफेसरसाहेब, त्या स्टुलावर बसा — हा सूक्ष्मदर्शक तुमच्या कॉलेजचा नाही, माझा, या कापडवाल्या गौतमचंदचा आहे, कोपर काढा त्यावरचं. हं. वाचला तुमचा निबंध. दोनदा वाचला. काय लिहिलंय तुम्ही? खानदेशातल्या इतर तळ्यांत हे डोळ्यांना न दिसणारे शिकारी जीव एकेका जातीचे सापडतात, आणि आमच्या जळगावच्या मेहरूण तलावात मात्र नऊच्या नऊ जाती एकत्र. का? तर म्हणे वारा. आणि काळी माती. आणि खोली. वा. पुण्याहून आलात, डाकबंगल्यात उतरलात, चार बाटल्या भरल्यात आणि तुम्हाला वारा कळला — मी जन्मापासून इथे आहे, मला नाही कळला.

एक सांगा, तो लांब मानेचा, मान फिरवून भक्ष्याला झोडपणारा — तो आधी कुठे होता? ठाऊक नाही. कसं असणार? तो चोपड्याच्या गावतळ्यातला. आणि तो पिंपासारखा, स्वतःपेक्षा मोठा जीव सबंध गिळणारा, तो पाचोऱ्याचा. बावीस सालच्या माझ्या वहीत आहे सगळं. तेव्हा मेहरूणमध्ये या नवांतला एकही नव्हता. एकही. नुसते ते चपलेच्या आकाराचे गरीब जीव, कुजक्या पानांभोवती फिरणारे, थेंबात मोजता येऊ नयेत इतके. तुम्हीच म्हणता ना, पान अकरावर — 'ते येथे आश्चर्यकारकरीत्या विरळ आहेत'? आश्चर्य कसलं त्यात? खाल्ले त्यांना.

मग हे नऊ आले कसे? वाऱ्याने? अहो, बाटलीतून आले. माझ्या बाटलीतून — असे पाहताय काय? आमचं घर जैनांचं. आमची आई, धनकुंवर, पाणी गाळायची आणि गाळण्यात अडकलेली जिवाणी, म्हणजे बारीक जीव, त्याच विहिरीत परत सोडायची — बादली पार पाण्याला टेकवून, वरून ओतायची नाही, जिवांना लागेल म्हणून. हे यंत्र तिने घरात येऊ दिलं ते एका अटीवर, पाहून झालं की बाटली ज्या तळ्यातली त्याच तळ्यात. मी हो म्हटलं. दोन महिने नेल्यासुद्धा. पण चोपडा काय जवळ आहे? तापी उतरा, बैलगाडी करा, वर खानदेशचा उन्हाळा — आणि मेहरूण इथून दहा मिनिटांवर. हिलाल भोई काठावर जाळं वाळवत बसलेला असायचा, तो म्हणाला, 'शेठ, बठ्ठं पानी एकच शे' — सगळं पाणी म्हणे एकच. तुमच्याइतकाच शहाणा. मला पटलं. पटायला काय, सोयीचं होतं. सोळा वर्षं तिथेच ओतल्या. आणि आई दर खेपेला विचारायची, चोपड्याचे चोपड्याला गेले? — गेले, आई.

शेवटी तिने संथारा घेतला, अन्नपाणी सोडलं. सातव्या दिवशी सगळ्या जिवांची क्षमा मागून झाली तरी माझा हात काही सोडेना. गौतम, सगळे आपापल्या घरी गेले ना? — मी काय म्हणणार होतो? गेले म्हटलं. तेव्हा तिने हात सोडला. आणि इकडे माझे ते नऊ पाहुणे घरच्यांना गिळत होते, रोज, पाण्याच्या थेंबाथेंबात, आणि मी वर्षातून चार वेळा जाऊन मोजत होतो किती उरले ते.

टिपून घेताय? ठेवा ती पेन्सिल. वारा लिहा, माती लिहा, पुण्याच्या सभेत टाळ्या पडतील. नाहीतर खरं लिहा, माझ्या नावासकट — पण तेवढी छाती तुमची दिसत नाही. माझीही नव्हती म्हणा.

थांबा. खिशात ती बाटली कुठली? शिंदखेड्याची? आणि पाहून झाल्यावर कुठे ओतणार होतात? — जाता जाता मेहरूणमध्ये. वाटलंच मला.

उठा. शिंदखेड्याकडची गाडी पाच चाळीसला सुटते. बाटली पाण्याला टेकवून रिकामी करा. वरून ओतू नका. जा.