गुरुवारची नापास टेस्ट

रियाधच्या मेट्रोत मागच्या सीटवरून मराठी कानावर पडलं आणि अलकाताईंनी मोबाइल खाली ठेवला.

"गुरुनाथसर, सापडलं! आपल्या सॉफ्टवेअरची टेस्ट दर गुरुवारीच का नापास होते ते!"

"काय सांगतेस, उमामा! वर्षभर डोकं खाल्लंय तिनं."

"ती दवाखान्याच्या साइटवर उद्याची अपॉइंटमेंट घेऊन बघते. ती लिहिताना पुण्याच्या टीमनं सुट्टी रविवारची धरलेली!"

"आणि इथे शुक्रवारी दवाखाना बंद! कमाल केलीस!"

"आता टेस्ट पास होणार, म्हणजे गुरुवारीसुद्धा नवं काम आपोआप साइटवर चढणार!"

"थांब. काही चढत नाही, म्हणूनच तर गुरुवारी आपल्याला तीनला सोडतात. कुणाला बोललीस?"

"मॅनेजरना मघाशीच मेल टाकला की!"

"मग खिडकीबाहेर नीट बघून घे, बाई. गुरुवारचं ऊन पुन्हा दिसायचं नाही."