टवके उडालेले कप

अगं, कपाचा टवका बघून हसू नकोस, त्या टवक्यांपायी मी वीस वर्षं भांडले आहे. आमचे हे चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवल्याशिवाय ओततच नाहीत. रोज टण्ण! रोज मी, “अहो, आपटू नका!”

परवा आमच्या इथल्या, सौदीतल्या ताइफच्या हॉस्पिटलात एक कंपनीवाला आला. हातात उचलून नेता येईल एवढंसं एक्स-रे मशीन, आणि जोडीला होलोग्रामचा पडदा. पडद्यासमोर मनगटाची हाडं हवेत तरंगायला लागली. आम्ही नर्सा हात पुढे करून ती धरायला बघतोय, आणि आमचे हे, एक्स-रे विभागातले सगळ्यांत जुने, म्हणतात, “तरंगतंय कुठे? सपाट फोटो तर आहे.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे तपासलं. “लहानपणापासून तुमचा मेंदू एकाच डोळ्याचं ऐकतोय. म्हणून वस्तू किती लांब आहे ते तुम्ही टेकवून, चाचपून ठरवता.”

ह्यांचा चेहरा उतरला. “मग माझी नोकरी खलास?”

“एक्स-रे सपाटच असतो की!” बाई म्हणाल्या. “ त्यात तुम्हाला कोण हरवणार?”

घरी आल्यावर मीच चहा ओतायला गेले, तर ह्यांनी किटली ओढून घेतली. “म्हणजे वीस वर्षं मी उगाच बोलणी खाल्ली?”

आता मी बोलत नाही असं वाटतं तुला? बोलते की! फक्त मी तोंड उघडलं, की मेंदू ज्याचं ऐकतो, नेमका तोच डोळा हे मिटून घेतात.