रोडग्यांची मर्दानगी

तुमची मर्दानगी भलतीच नाजूक आहे, गड्यांनो. शेतात गोवऱ्यांच्या जाळाजवळ तिला काही होत नाही, पण घरातल्या गॅसजवळ गेली की लगेच वितळते.

परवा तिगावला संजूच्या संत्र्याच्या बगीच्यात आमची रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पार्टी होती. बाई एकही नाही, सगळं आम्हीच करायचं. संजू कोपरापर्यंत कणकेत बुडालेला, पंचवीस जणांची कणीक एकटा मळत होता. तेवढ्यात प्रफुल उठला. त्याची बायको सौसरला दवाखान्यात नर्स आहे.

"चाललो भाऊ. ती ड्युटीवरून येऊन राहिली. पोळ्या टाकायच्या आहेत."

असा हशा पिकला म्हणून सांगू!

"पोळ्या? तू?" संजू ओरडला. "अबे, बांगड्या भरून देऊ का तुले?"

प्रफुलचा चेहरा उतरला. एक चप्पल पायात, एक बाहेर, जावं की बसावं या विचारात तो तसाच उभा राहिला.

मला राहवेना. "संजू, मग तू काय करून राहिला?"

"हे रोडगे आहेत बे!" कणकेचा हात नाचवत तो म्हणाला. "हे मर्दाचं काम. घरी मी पाण्याचा गिलासबी उचलत नाही. विचार बाबांना."

त्याचे बाबा बाजेवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"जाऊ दे त्याले. अन तूबी चार रोडगे बांधून घे. सून सकाळपासून तापानं फणफणून राहिली, घरी कोणी चहाबी ठेवला नाही."