पुलाच्या फाइलीवरची तारीख

सन्माननीय अध्यक्षमहाराज, आमचे पक्षप्रमुख आणि आजचे मुख्य पाहुणे, नगराध्यक्ष, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या काकू, आणि जागा नाही म्हणून दारात उभं राहूनही घरी न गेलेल्या बंधूभगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. मंत्र्याला दहा मिनिटांत आटप म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. तरी प्रयत्न करतो.

मास्तरांनी मला आठवीत गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी ते रीत तपासायचे. पुढे ते नगरसेवक झाले, नगराध्यक्ष झाले, चार वेळा आमदार आणि शेवटची आठ वर्षं बांधकाममंत्री. पण सवय तीच राहिली. कंत्राटदार म्हणायचे, "फाइल मास्तरांकडे गेली म्हणजे परीक्षेलाच बसली." मंत्री असताना ते दौऱ्यावर स्वतःचा डबा नेत आणि परत येताना घासून आणत. हे सगळं आधीच्या वक्त्यांनी माझ्याहून छान सांगितलं. मी सांगणार आहे ते त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. ते फक्त मला आणि मास्तरांना ठाऊक आहे.

एकोणीस वर्षांपूर्वीची निवडणूक आठवते ना? तेव्हाचे बांधकाममंत्री मास्तर विरुद्ध मी. मतदान आठ दिवसांवर आलं होतं. त्या सोमवारी दुपारी एका अभियंत्याचं पत्र मास्तरांच्या टेबलावर आलं. जुन्या पुलाचा मधला खांब आतून पोकळ होत चाललाय, वाहतूक थांबवावी, असं त्यात लिहिलेलं. पत्र दोन वर्षांपूर्वीचं होतं. खालच्या कुठल्याशा कपाटात ते पडून राहिलं होतं.

पलीकडे कारखाना, पलीकडेच दवाखाना. पूल बंद म्हणजे अठ्ठावीस किलोमीटरचा वळसा. मास्तरांच्या माणसांनी हातापाया पडून सांगितलं, दोन वर्षं टिकला तो आणखी आठ दिवस टिकेल, मतदान होऊ द्या. मास्तर म्हणाले, "आठ दिवसांत त्यावरून किती माणसं जातील, याचं गणित करून आणा. मग बोलू."

कुणी गणित करून आणलं नाही. संध्याकाळी पूल बंद झाला.

आणि मी काय केलं? मी गल्लोगल्ली सांगत सुटलो की मास्तरांना नव्या पुलाचं कंत्राट काढायचंय, म्हणून चांगला पूल आजारी पाडलाय. निवडून द्या, पंधराव्या दिवशी उघडतो. लोकांचे हाल होतच होते, त्यांना ते पटलं. अकराशे मतांनी मी जिंकलो. आमचं सरकार आलं आणि नशिबाचा खेळ बघा, खातंही मला तेच मिळालं. मास्तरांच्याच खुर्चीत बसून मी ते पत्र वाचलं.

हो, वाचलं. दोनदा वाचलं. अभियंत्याला बोलावून विचारलं, कधी पडेल? तो म्हणाला, साहेब, सांगता येत नाही. त्या "सांगता येत नाही" मधून मी मला हवा तो अर्थ काढला.

पंधराव्या दिवशी सकाळी पुलापाशी ही गर्दी. सजवलेली बस उभी, आत पहिल्या बाकावर माझी आई, मागे पहिल्या पाळीचे कामगार. मी फीत कापायला निघालो तर पुलाच्या तोंडाशी मास्तर उभे. एकटे. हातात त्याच पत्राची प्रत. लोक ओरडायला लागले, कुणी तरी त्यांना ढकललंसुद्धा. फौजदारानं माझ्याकडे बघितलं. उचलू का, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. मी मान हलवणारच होतो, तेवढ्यात मास्तर माझ्या अगदी जवळ आले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले.

"तू हे वाचलंयस, हे मला तुझ्या तोंडावर दिसतंय. बस सोड, मी बाजूला होतो. फक्त आधी वर चढून तुझ्या आईला सांग, की तू हे वाचलंयस."

बसचं इंजिन चालू होतं. आई खिडकीतून मला हात करत होती.

अध्यक्षमहाराज, आपली चिठ्ठी मिळाली. वेळ संपली हे खरं आहे. पण एकोणीस वर्षं थांबलेलं बोलणं आहे, पाच मिनिटं आणखी द्यावीत ही विनंती.

मी आईला खाली उतरवलं आणि माइक हातात घेतला. काय म्हणालो, ते इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. म्हणालो, मी आत्ता स्वतः पाहणी केली, मला शंका आली, माझ्या माणसांच्या जिवाशी मी खेळणार नाही. टाळ्या पडल्या. मास्तर त्या गर्दीतून वाट काढत चालत घरी गेले.

पाचव्या महिन्यात पूल पडला. दुपारी, पाळी सुटायच्या वेळेला. सुरू असता तर चार बसगाड्या त्यावर असत्या. वर्तमानपत्रांनी मला डोक्यावर घेतलं. सभागृहात प्रश्न आला, धोका सरकारला कधी कळला? फाइल माझ्या हातात होती. पहिल्याच पानावर मास्तरांच्या कार्यालयाचा शिक्का होता आणि शिक्क्यात त्या सोमवारची तारीख. ती मी वाचली नाही. मी पत्राची तारीख वाचली आणि म्हणालो, दोन वर्षं हे पत्र माजी मंत्र्यांच्या खात्यात पडून होतं. शब्दाला शब्द खरं. आणि तरी एवढं मोठं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण त्यात तुमच्यापैकी बरेच जण होते. मास्तरांच्या दारावर दगड पडले. त्यांना पुन्हा कुणी उमेदवारी दिली नाही. बाजारात एका बाईनं काकूंना तोंडावर सांगितलं, माणसं मारायला निघाला होता तुमचा नवरा. काकूंनी भरलेली पिशवी तिथेच ठेवली आणि त्यानंतर त्या बाजारात गेल्या नाहीत. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मी गप्प बसलो.

मास्तर परवा लेकीकडे कायमचे राहायला जाताहेत, हे ऐकून मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. खोक्यांमध्ये पुस्तकं भरणं चाललं होतं. मी विचारलं, तुमच्याकडे प्रत होती, तारीख होती, तुम्ही का नाही बोललात? खोक्याला दोरी बांधता बांधता म्हणाले, "तेव्हा तुला पाडला असता, तर नवा पूल दोन वर्षं लांबला असता. दवाखाना पलीकडे होता." गाठ मारून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "म्हणून माझा राग गेला, असं समजू नकोस."

सभागृहाच्या अध्यक्षांना आज सकाळी मी पत्र दिलं आहे. माझं ते निवेदन चुकीचं होतं आणि फाइलीवरची खरी तारीख नोंदवून घ्यावी, असं त्यात आहे. पक्षप्रमुखांना हे आत्ताच कळतंय, त्याबद्दल त्यांनी रागवावं. माझ्या मंत्रिपदाचं काय करायचं, ते त्यांनी ठरवावं, मी वाद घालणार नाही.

संयोजकांनी मला बोलावलं, अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवूनही बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात शब्द कमीजास्त झाला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर सभेनं मोठ्या मनानं पदरात घ्यावं. टाळ्या कृपा करून वाजवू नका.

बाकीच्या गोष्टीची माफी द्यायचा अधिकार सभेला नाही. काकू, मी खाली येऊन तुमच्यासमोर उभा राहतो. तुम्हाला जे बोलायचं असेल ते बोला. काहीच बोलायचं नसेल, तरी मी उभा आहे.