भंगार गेम, पण फिरू देतो

...अन् घोडा पुन्हा भिंतीत! आता मला सांगा, घोडा कधी भिंतीत जातो का? अर्धा आत, अर्धा बाहेर, शेपूट हलवायलाय निवांत, अन् आमचा गडी त्याच्यावर बसलेला, तलवार घेऊन, दाढी वाढवून, भिंतीकडं तोंड करून! रिमोटची सगळी बटनं दाबली, घोड्याला हाका मारल्या, शिव्या दिल्या, टीव्हीला हात जोडले... नाय! शेवटी मशीनच बंद केलं, पुन्हा चालू केलं, तर गडी पार मागं, नदीच्या अलीकडं! दुपारपासून चाललेली सगळी वाट पाण्यात. गेम बनवणारे एवढे शिकलेले, अन् त्यांना एक घोडा धड करता येईना? आमच्या फुलंब्रीच्या बाजारात असला घोडा आणला असता ना, विकणाऱ्याला लोकांनी वेशीबाहेर नेऊन सोडलं असतं. तुम्हाला सांगते, एक नंबर भंगार गेम हाय. भंगार हाय, पण फिरू देतो.

हसू नका. तुम्ही म्हणताल, ही पन्नाशीला आलेली बाई, चिकलठाण्यात राहती, हिचा अन् गेमचा काय संबंध? संबंध नव्हताच हो! आमचा पोरगा सत्यम पुण्यात नोकरीला लागला, एका खोलीत चौघं, टीव्हीला जागा नाय, म्हणून त्याचं गेमचं मशीन राहिलं इथं. जाताना मला म्हणतो, "आई, अधूनमधून चालू करत जा, पडून पडून खराब होतंय." आता स्कूटर असो नाय तर विहिरीवरची मोटार, अधूनमधून चालू करायची असती, हे मला माहेरापासून माहीत. केलं चालू. बघते तर एक माणूस गवतात उभा, अन् मी रिमोटची दांडी हलवली की चालायलाय. म्हणलं, मोटार कशी पाणी येईस्तोवर चालवतो, तसं ह्याला पण चालवावं थोडं. चालवलं. नदी आली. नदीपलीकडं टेकडी. टेकडीवर चढले तर पलीकडं गाव, अन् गावाच्या मागं... डोंगर! असा निळा, लांब, आभाळाला टेकलेला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. कुकर बंद केला, पण डोळ्यापुढचा डोंगर काय जाईना. तिथून मी गेले कामातून.

पण त्या डोंगरापर्यंत जाऊ देतील तर शपथ! गावात पाय ठेवला की म्हातारी आडवी. "हे वीर पुरुषा!" इंग्रजीत म्हणती, पण खाली अक्षरं येतात, बारावी झालेली हाय मी, लावते अर्थ. "हे वीर पुरुषा, माझी शेळी हरवली, शोधून आण!" अगं, मी एवढ्या लांबून आले, बस म्हणली नाय, पाणी विचारलं नाय, एकदम शेळी? पुढं गेलं की लोहार, "कोळसा आण!" त्याच्या पुढं पुजारी, "जंगलातून मुळ्या आण!" बरं, देवाचं काम म्हणून मुळ्या आणून दिल्या, तर दुसऱ्या दिवशी तोच पुजारी, त्याच जागी, "हे वीर पुरुषा, मुळ्या आण!" अरे, काल दिल्या ना? जेवणात खातोस का काय? अन् ज्याचं काम असंल त्याच्या डोक्यावर एक पिवळी खूण असती, चमकणारी. आमच्या घरात पण सगळ्यांच्या डोक्यावर हाय ती, फक्त दिसत नाय. सत्यमचे पप्पा कंपनीतून आले, "सुलेखा, माझं चार्जर कुठंय?" चमकली! "सुलेखा, गॅसवाल्याला फोन केलता का?" चमकली! म्हणलं, हेच करायचं तर घरात काय वाईट होतं? भंगार! पण फिरू देतो.

अन् ओझं! रस्त्यात दिसंल ते मी उचलते हो, मला राहवत नाय. दोरी, रिकाम्या बाटल्या, वाकडे चमचे, फुटकी वाटी, वाळलेला पाव... घरात श्रीखंडाचे रिकामे डबे जपून ठेवणारी बाई मी, साड्यांच्या दुकानातल्या पिशव्या गादीखाली घड्या करून ठेवल्यात, मग तिथं कशी टाकून देऊ? लागतं कधीतरी! तर गेम म्हणतो, ओझं लई झालं, आता पळता येणार नाय. गडी आपला वाकून, डुलत डुलत, लग्नघरातून परत निघालेल्या मावशीसारखा! मागं लांडगा लागलाय अन् हा रमतगमत चाललाय! लांडग्यालाच लाज वाटली असंल. सत्यमला फोनवर सांगितलं तर तो ओरडलाच. "आई, टाकून दे ना! चमच्यांचा काही उपयोग नाही गेममध्ये!" म्हणलं, उपयोग नाय तर वाटंवर ठेवले कशाला? "आणि घरांतल्या पेट्या उघडत जा, त्यात चांगल्या वस्तू असतात." ऐका! लोकाच्या घरात शिरून पेटी उघडायची? मी एका दारात उभी राहिले, कोणीतरी "या" म्हणंल म्हणून. आतली बाई भाकरी का काय करत होती, माझ्याकडं बघती, पण "या" म्हणंना. तिनं चूल विझवली, दिवा मालवला, झोपायला गेली, अन् मी आपली अंगणात, तलवार घेऊन! असले माणसं. बोलायची रीत नाय, पाहुण्याची किंमत नाय, अन् गेमला म्हणे बक्षीस मिळालंय. कशाचं दिलं, घोड्याचं का?

तरी मी रोज बसायचे. का? आता खरं सांगते. तिथं मी उठून निघाले की कोणी विचारत नाय, कुठं चाललीस, कोणासोबत चाललीस, भाजी काय केलीस, कधी येशील. वाटंला दोन फाटे फुटले की मी डावीकडं जायचे, उगाच! डावीकडं जावं वाटलं म्हणून! लग्नाला एवढे वर्षं झाले, दवाखाना सोडला तर मी एकटी कुठं गेलेच नाय हो. एकदा अशीच चालत चालत एका पडक्या घरापाशी पोचले. आत काय असंल? खजिना? राक्षस? काय नाय. एक खुर्ची. कोणी ठेवली, कशाला ठेवली, गेम सांगत नाय. मी गड्याला त्या खुर्चीवर बसवलं अन् इकडं सोफ्यावर मी बसले, अन् दोघं पण समोरच्या दरीकडं बघत राहिलो. लई बरं वाटलं. तेवढ्यात दरीतून एक बकरी हवेत उडत गेली, उलटी, पाय वर करून! म्हणलं, जा बाई, तुझं पण काहीतरी बिघडलेलं दिसतंय.

तर असं करत करत, शेळ्या चुकवत, मुळ्या चुकवत, दिवाळीच्या तोंडाला पोचले बघा मी त्या डोंगराच्या पायथ्याला. वर जायची पायवाट पण सापडली! पण घरात चकल्या तळायच्या होत्या, करंज्या भरायच्या होत्या, म्हणलं, राहू दे, सण झाला की निवांत चढते. अन् सणाला आला सत्यम. आल्या आल्या मशीन लावून बघतो, अन् कपाळावर हात! "आई! तू मेन स्टोरी सुरूच केली नाहीस? राजकन्या कैदेत आहे!" म्हणलं, असू दे. तिथं तिला कोणी पुरणपोळ्या करायला लावत नाय ना? बसू दे निवांत. तर हसला, अन् हसत हसत वायरी काढायला लागला! "आई, मला नवीन फ्लॅट मिळाला. आता हे घेऊन जातो." अरे, मी पायथ्याला हाय! मला वर जायचंय! "आई, डोंगर काय पळून चाललाय का?" डोंगर नाय रे पळत, मशीन पळायलंय! पण ऐकतंय कोण, त्याची बस होती. भरलं खोक्यात अन् गेला. मी त्याला लाडूचा डबा दिला, वर चिवडा दिला, अन् तो दिसेनासा झाल्यावर टीव्हीपुढं बसून रडले. बोला आता! भंगार गेमसाठी!

रडायला पण वेळ दिला नाय हो. दुसऱ्या दिवशी लासूर स्टेशनहून आमच्या मोठ्या नणंदबाई, आशाबाई, भाऊबीजेला आल्या, लेकी, जावई, नातवंडं, सगळा लवाजमा घेऊन. अन् आमच्या शहरात पाहुणा आला की त्याला दौलताबादचा किल्ला दाखवायचाच! लोक पाहुण्याला चहा विचारतात, आम्ही किल्ला विचारतो. अन् किल्ल्यावर जायचं म्हणजे पहाटं उठून पुऱ्या कोणी लाटायच्या? मी. बटाट्याची भाजी, चटणी, भात, लोणचं, पाण्याचा जार? मी. अन् तिथं पोचलं की जेवणाच्या पिशव्या आत नेल्या तर माकडं ठेवतील का? मग पिशव्यांपाशी कोण बसणार? "सुलेखा बसंल की! तिनं काय, लई वेळा बघितलाय किल्ला!" लई वेळा! व्हय, बघितलाय! खालून! दरवाजा बघितलाय! इतक्या वर्षांत सगळ्या नात्याला मी किल्ला दाखवला, पण त्या किल्ल्यावर वर काय हाय, हे मला विचाराल तर मला आमच्या पुऱ्या माहीत.

बसले. गेले सगळे आत. शेजारी गोजरबाई, जांब, म्हणजे पेरू, विकती तिथं. आता दर खेपेला मी तिच्याच शेजारी बसते, त्यामुळं तिला आमच्या घरातलं सगळं माहीत, मला तिच्या घरातलं. मी वर बघितलं. डोंगर. निळा नव्हता, काळा होता, अन् टीव्हीत नव्हता. गोजरबाईला म्हणलं, "बाई, लई दिवसापासून मला एक डोंगर चढायचाय, अन् कोणी चढूच देईना." ती म्हणली, "मंग जा की वो! म्या हाय ना इथं. पिशव्या काय पळून चालल्यात का?" तुम्हाला सांगते, मी उठले. हातात काय नाय! ना पिशवी, ना जार, ना कोणाचं लेकरू. चालताना माझे हात कुठं ठेवावेत तेच मला कळंना!

निघाले. दरवाजे झाले, मिनार मागं पडला, पायऱ्या लागल्या, पायऱ्या संपल्या की पुन्हा पायऱ्या, गुडघे बोंबलायलेत, तिथं गेममध्ये गडी दमला की दोन मिनिटं थांबवला की झालं, इथं छातीचा भाता काय थांबंना! वर तोफ, मग खंदक, मग पूल, अन् ती अंधारी वाट लागती ना, तिच्या तोंडाशी बघते तर आमची सगळी पलटण फतकल मारून बसलेली! जावई घामाघूम, नातवंडं रडायलेत, अन् नणंदबाईंनी मला बघितलं. दमलीस का नाय, बस नाय, पाणी नाय. पहिला शब्द काय? "सुलेखा! पिशव्या कुठंयत?" चमकली हो डोक्यावर! म्हणलं, "गोजरबाईपाशी." "कोण गोजरबाई?" "जांबवाली." "अगं बया! पुऱ्या होत्या ना त्यात!" अन् जे उठले सगळे! मघापासून हलता येत नव्हतं त्यांना, ते पुऱ्यांच्या काळजीनं धडाधड पायऱ्या उतरायला लागले. सत्यमचे पप्पा थांबले जरा. "तू येत नाहीस का?" म्हणलं, मी वर चालले. ते म्हणले, "एकटी?" म्हणलं, व्हय, एकटी. लग्न झाल्यापासून एवढं छोटं उत्तर मी त्यांना दिलं नव्हतं.

अंधारीच्या तोंडाशी दिवा घेऊन एक म्हातारे चाचा उभे. "अम्मा, अंदर चमगादडां हैं. डरना नक्को." म्हणलं, चाचा, असल्या गुहा लई फिरले मी, फक्त वास नव्हता तिथं. वास! नाकाला पदर लावून, भिंतीला हात धरून, पायरी चाचपत बाहेर पडले, अन् पुन्हा चढ, अन् पुन्हा चढ, अन् मग एकदाचं वर काय उरलंच नाय. आभाळ! वारा असा की पदर जागेवर राहीना. खाली लासूरकडं जाणारी रेल्वेची रेघ, तिकडं वेरूळकडचे डोंगर, इकडं चिकलठाण्याचा सगळा धूर, अन् त्या धुरात कुठंतरी माझा ओटा, माझा कुकर, माझं सगळं, एवढंसं. भिंतींवर पोरांनी बदाम कोरलेले, वेफरची पाकिटं उडायलीत, बसायला गेले तर दगड तापलेला. किल्ला पण तसलाच हो, भंगार करून ठेवलाय लोकांनी. पण फिरू देतो! मी तिथं उभी राहून रडले, अन् टीव्हीपुढं रडले तसं नाय, चांगलं रडले.

खाली आले तर सगळ्यांचं जेवण उरकलेलं. माझ्यासाठी पुरी होती, भाजी नव्हती. नणंदबाई सुपारी कातरत म्हणतात, "काय होतं गं वर एवढं?" सगळे माझ्याकडं बघायलेत, जावई पण, नातवंडं पण. मी सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. अन् मग मनात आलं, लई भारी हाय म्हणलं, तर पुढच्या दिवाळीला हे सगळे म्हणतील, आपण पण वर जाऊ, जेवण वरच करू. अन् एवढ्या पुऱ्या, एवढा भात, एवढा पाण्याचा जार, त्या अंधारीतून वर कोण नेणार?

म्हणलं, "काय नाय हो आक्का. नुसता वारा."