साचेवाल्याची बालवाडी

माझं माहेर देवगडच्या बाजूचं, लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले ती इथलीच झाले बघा. आमचे हे गिरणीत साचेवाले, म्हणजे कापड विणायच्या साच्यावर, आणि संप झाला तसे घरात बसले. बसले कसले, भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. चाळीतल्या बायका बाहेर कामाला जायला लागल्या, त्यांची पोरं ठेवायची कुठे, म्हणून मी म्हटलं, बालवाडी काढते. हे म्हणाले, काढ, पण मला काय विचारू नकोस.

सकाळी खाट गॅलरीत काढायची, चटई टाकायची, झाली शाळा. पण काय सांगू तुम्हाला ताई, पोरांचा तो कालवा! बाजूच्या खोलीत सुलूमावशी, तिचा मुलगा रातपाळीचा वॉचमन लागलेला, दिवसा झोपायचा. ती बिचारी भांडायची नाही हो, नुसती दारात येऊन उभी राहायची. शेवटी एकदा म्हणालीच, गो बाय, माझ्या झिलाक झोप नाय, कामावर डुलक्या काढता, हातची नोकरी जातली त्याची. तिचंही खरंच ना? म्हटलं, शनिवारपर्यंत बघते मावशी, नाहीतर बंद करते. आणि बंद केली की आमची चूल बंद, दुसरं होतं काय घरात.

हे सगळं ह्यांनी पडल्या पडल्या ऐकलं. दुसऱ्या दिवशी पोरं बोंबलतायत, मी शू शू करून दमले, आणि हे उठले. पोरांसमोर उभे राहिले, आवाज नाही, नुसते ओठ हलवले आणि हातानं विचारलं, जेवलास? अहो, साच्यांच्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, तिथे सगळे असेच बोलायचे, हातानं, ओठानं, भांडणंसुद्धा तशीच. पोरं गप्प! टकामका बघत राहिली. मग पाणी, घर, आई, सगळं हातानं शिकवलं, हळूहळू गाणीसुद्धा. एक दिवस सुलूमावशी घाबरून बघायला आली, पोरं आजारी पडली की काय म्हणून! मी हसले, आणि हे पण हसले, संपानंतर पहिल्यांदा. मला रडूच आलं.

गिरणी काय परत सुरू झाली नाही. बालवाडी मात्र वाढली, खालची खोली भाड्यानं घेतली, आता सून चालवते. साच्यांनी ह्यांचे कान नेले ते नेलेच, आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पाहुणे येतात, ओरडून ओरडून दमतात, मग गप्प बसतात. पण आमची ती पोरं, आता बाप झालेली, रस्त्यानं जाताना थांबतात, वर गॅलरीत बघतात आणि हातानं विचारतात, जेवलात? हे वरून हातानंच सांगतात, जेवलो, तू? देवा, सुखात ठेव रे त्यांना, माझ्या माणसाला एकटं पडू देत नाहीत.