स्पिरिटने पुसलेली नावे

नाव व पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. वय ३६ वर्षे, धंदा प्लास्टिक सर्जरीच्या खासगी दवाखान्यात नर्स. आज सकाळी सव्वादहा वाजता आपण होऊन ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

दवाखान्यात पेशंटच्या पोटाची किंवा मांडीची चरबी ओढून त्याच पेशंटच्या गालात भरतात. उरलेली चरबी सिरिंजमध्ये, वर नाव घालून, पुढच्या वेळेसाठी फ्रीजरमध्ये ठेवतात. फ्रीजर आठ वर्षे माझ्या ताब्यात आहे.

माझ्या धाकट्या नणंदेचे गाल आजारपणात आत गेले होते. मीच तिला म्हटले, आमच्याकडे ये, सर चांगले आहेत. तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा भरले. घरी येऊन म्हणाली, "वहिनी, आता गालगुच्चा घेशील तर मांडीला चिमटा बसेल हं!"

मागच्या सोमवारी बर्फ फार साचला म्हणून मी सिरिंजा ट्रेमध्ये काढून स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या. नावे मार्करने लिहिलेली. नणंदेचे आणि आणखी एका बाईचे, अशी दोघींची पुसली गेली. बोलणी बसतील म्हणून कोणाला सांगितले नाही. कोणती कुठल्या कप्प्यात होती ते आठवून नावे पुन्हा घातली. चूक माझी आहे.

काल दुपारी बारा वाजता सरांनी नणंदेला दुसऱ्यांदा चरबी भरली. सिरिंजा मीच हातात दिल्या. चार वाजता फ्रीजर आवरताना त्या दुसऱ्या बाईच्या नावाच्या सिरिंजच्या दांड्यावर बारीक अक्षरांत नणंदेचा केस नंबर दिसला, सोमवारी तो माझ्या ध्यानात आला नव्हता. त्या बाईची फाइल काढली. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ब प्रकारची कावीळ. ती रक्तातून दुसऱ्याला लागते.

सरांना सांगितले. ते म्हणाले, "तोंडातून ब्र काढायचा नाही. झालंच काही तर महिन्यांनी होईल, तेव्हा कोण विचारतंय?" फाइल त्यांनी कपाटात टाकून कुलूप लावले. चोवीस तासांत काविळीविरुद्धचे इंजेक्शन दिले तर आजार बहुधा टळतो, पुढे भरवसा कमी होत जातो. हे मला ठाऊक आहे, त्यांनाही आहे. बावीस तास गेले.

काल रात्री घरी नणंद आरशासमोर होती. म्हणाली, "गप्प का गं वहिनी? जळतेस की काय माझ्यावर?" मी पाने वाढली.

मला फार भीती वाटते. नोकरीची, जेलची वाटते. तिच्या चेहऱ्याकडे बघायची सगळ्यात जास्त वाटते. तिला इथे आणले आहे. मोबाइल हरवला, तक्रार द्यायला सोबत चल, असे खोटे सांगितले. बाहेर बाकावर बसली आहे.

जबाब मला वाचून दाखवला. दार लावून हळू वाचा अशी विनंती मीच केली होती. मी बोलले तसाच लिहिला आहे, काही वगळलेले नाही. आता तिला आत बोलवा आणि हाच पुन्हा मोठ्याने वाचा. माझ्याच्याने सांगवत नाही.